गोरा साहेब पाहिजे

लवणासुर कोण करणार, हे ठरायला चहा येईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही. गुरुजींनी विचारलं, "राक्षसाचं काम कोणाले द्यायचं?" आणि सतरंजीवरच्या सगळ्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. सूचक नाही, अनुमोदक नाही, चर्चा नाही. आमच्या ग्रामसभेत नालीच्या झाकणावरूनसुद्धा दोन गट पडतात. त्या गावानं माझ्या राक्षसपणावर दाखवलेलं एकमत पाहून डोळे भरून आले.

पण मला राक्षस व्हायचं नव्हतं. मला साहेब व्हायचं होतं.

मेहकर तालुक्यातल्या आमच्या डोणगावात गणपतीत नाटक बसवतात. यंदा गुरुजींनी लोणारवर लिहिलं. लोणार म्हणजे शेजारचा तालुका. जगभरातले लोक ते विवर पाहायला विमानानं येतात. आम्ही घरी पाहुणे आले की नाइलाजानं जातो. नाटकाचे अंक दोन. पहिला पुराणातला. लवणासुर लोकांना छळतो, विष्णू दैत्यसूदन होऊन त्याला मारतो. दुसरा इतिहासातला. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी येतो, ते खारं सरोवर पाहतो आणि साहेबांच्या जगाला त्याची खबर लागते. मधली काही हजार वर्षं गुरुजींनी पडदा पाडून काढली होती. खरं तर हे विवर उल्का आदळून झालं, पण उल्केचा खर्च मंडळाला झेपेना, म्हणून ती निवेदकाच्या तोंडी गेली.

आता दोन्ही कामांची तुलना करा. लवणासुर तीन वेळा "हा हा हा" करतो, एका ऋषीचा कमंडलू लाथाडतो आणि मरतो. मेल्यावर विष्णूची आरती संपेपर्यंत तसंच पडून राहायचं. भाद्रपदातल्या डासांना राक्षस आणि माणूस यांतला फरक कळत नाही. उलट अलेक्झांडरसाहेब प्रेक्षकांमधून घोड्यावर येतो. अंगात लाल कोट, डोक्यावर हॅट, हातात दुर्बीण. शाळेतल्या मुली त्याला ओवाळतात, सरपंच हार घालतो, आणि मग त्याचं चार पानी भाषण. चार पानं! माझ्या लग्नातसुद्धा मला एवढं बोलू दिलं नव्हतं.

भाषणावर पहिली हरकत घेतली ती निवृत्त तलाठ्यांनी. ते म्हणाले, "गुर्जी, १८२३ ले इथं इंग्रज कुठला? तव्हा निजामाचं राज्य होतं. वऱ्हाड इंग्रजायच्या हाती आलं १८५३ ले. मी नोकरीभर फेरफारच केले, मले सांगू नका."

"मंग तो पाव्हणा म्हणून आला असंल."

"पाव्हण्याले घोडा कोनं देल्ला?"

"निजामानं."

"आन् हार काहाले घालता?"

"तलाठीसाहेब, घोडा ठरला, हार ठरला, वर्गणी गोळा झाली. इतिहासासाठी आता थांबता येत नाई."

दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या फळ्यावर खडूनं सूचना लागली : 'गोरा साहेब पाहिजे. उंच, गोरा, इंग्रजी येणारा. मानधन नाही. कोट मंडळाचा.' अभिनयाची अट कुठंच नव्हती. हा फळा काहींनी स्थळाची जाहिरात म्हणून वाचला. एका बाईंनी तर मंडळाच्या पोरांना गाठून मुलाला शेती किती, आणि ओलिताची की कोरडवाहू, हेही विचारून घेतलं.

मी घरी जाऊन आरशासमोर उभा राहिलो. उंची जमण्यासारखी होती. इंग्रजी म्हणाल तर मी विमा एजंट आहे. पॉलिसीवरचं बारीक इंग्रजी लोकांना समजू न देण्याचा मला चांगला अनुभव आहे. प्रश्न रंगाचा होता.

आई म्हणाली, "लहानपणी तुले किती बेसन आन् साय चोळली बाप्पा! बेसनाचे भाव वाढले, पर तू काई उजळला नाई."

बायको म्हणाली, "तुमच्या बायोडाट्यात 'निमगोरा' लिवलं होतं. मी लग्नात पाह्यलं, म्हटलं दुसरं निम्मं मागून येत असंल."

यात माझ्या वडिलांचा काही दोष नाही. आपल्याकडे स्थळाच्या कागदावर काळा माणूस जन्माला येतच नाही. तिथं गोरा, निमगोरा, गहूवर्णीय आणि फार झालं तर सावळा एवढ्याच जाती आहेत. त्या कागदांवर विश्वास ठेवला तर बुलढाणा जिल्हा स्वित्झर्लंडमध्ये हलवावा लागेल. आणि गहूवर्णीय म्हणजे कोणत्या गव्हासारखा, शरबती की पावसात भिजलेला, हे आजवर कोणी लिहिलेलं नाही.

एक योगायोग मला राहून राहून आठवतो. जून २०२० मध्ये लोणारचं हिरवट पाणी एकाएकी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासून सांगितलं की पाण्याचा खारटपणा वाढला आणि मिठात राहणारे सूक्ष्मजीव माजले, त्यांच्या रंगद्रव्याचा हा प्रताप. नेमक्या त्याच महिन्यात १९७५ पासून देशाला उजळवत आलेल्या त्या सुप्रसिद्ध क्रीमनं आपल्या नावातला 'फेअर' काढून टाकायचं जाहीर केलं. क्रीमनं हात टेकले आणि सरोवर गुलाबी झालं! माझ्या एका मित्रानं यावरून मिठाच्या पाण्यानं आंघोळ करायला सुरुवात केली. खाज सुटली, रंग होता तिथंच आहे.

मी पावडरचा मार्ग धरला. टाल्कमचा अर्धा डबा चेहऱ्यावर थापून अंगणात आलो, तर शेजारचे काका कट्ट्यावरून म्हणाले, "काहो, चक्की चालवाले घेतली काय? ज्वारी आणू?"

निवड शाळेच्या व्हरांड्यात झाली. उमेदवार बरेच होते. साहेब होण्याची इच्छा आपल्या लोकांत खोलवर असते, निमित्त मिळत नाही एवढंच. किराणा दुकानवाल्याचा मुलगा खरोखरच गोरापान होता, पण त्याला 'गुड मॉर्निंग' म्हणायला सांगितलं की तो लाजून भिंतीकडे तोंड करायचा. पुण्याला कंपनीत असलेला एक मुलगा सुट्टीवर आला होता. त्याचं इंग्रजी फाडफाड, पण तो रात्रपाळीत अमेरिकेशी बोलणारा, त्यामुळे त्याचा अलेक्झांडर सरोवरापाशी येऊन लवणासुराच्या आत्म्याला "हाऊ मे आय हेल्प यू?" विचारू लागला. इंग्रजीच्या सरांनी तर संवाद म्हणण्याऐवजी लाल पेनानं त्यातल्या चुका काढल्या आणि शेवटी गुरुजींना दहापैकी चार गुण दिले. सर तिथंच बाद झाले.

मग मी उभा राहिलो. मी वही घेऊन गेलो होतो. माझा नंबर आल्यावर मी संवाद म्हटलेच नाहीत. आधी माझी बाजू मांडली. विमा विकणाऱ्याची ही जुनी सवय आहे.

मी म्हणालो, "मंडळी, बालगंधर्व रंगभूमीवर आले की बाया त्यांच्यावरून लुगडी नेसायला शिकायच्या. पुरुषाला बाई होता येतं, तर वऱ्हाडी माणसाला इंग्रज का होता येऊ नये?"

"मुद्दा आहे," तलाठी म्हणाले.

मला हुरूप आला. "शेक्सपिअरचा ऑथेल्लो आफ्रिकेकडचा काळा सेनापती. गोरे नट वर्षानुवर्षं तोंडाला काळं फासून तो रंगवत. १९६४ साली लंडनमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएनं अंगभर काळा रंग लावून केला. त्याच्याही शंभरेक वर्षं आधी आयरा ऑल्ड्रिज नावाचा न्यू यॉर्कचा खराखुरा काळा नट इंग्लंडात जाऊन ऑथेल्लो करत होता, आणि तेवढ्यावर न थांबता तोंडाला पांढरं लावून किंग लिअरही करत होता. म्हणजे गोरा काळा होतो, काळा गोरा होतो..."

"आन् आपलं कोनं केलं का?" मागून एका पोरानं विचारलं.

"केलं ना! कलकत्त्याला १८४८ साली बैष्णवचरण आढ्य या बंगाली गृहस्थानं साहेबांच्या थिएटरात, साहेबांच्या कंपनीत, इंग्रजीतून ऑथेल्लो केला."

"मराठीत?"

"मराठीत गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली ऑथेल्लोचा 'झुंझारराव' केला."

गुरुजींचे डोळे चमकले. "म्हंजे नाव बदललं की रंगाची भानगडच मिटली! अलेक्झांडरचा आपुन 'शिकंदरराव' करू!"

मला हे नको होतं. शिकंदररावाला लाल कोट कोण देणार? मी घाईघाईनं पुढचं पान उलटलं. "आणि १९८५ साली पीटर ब्रूक या इंग्रज दिग्दर्शकानं फ्रान्समध्ये नऊ तासांचं महाभारत केलं. त्यात नट कितीतरी देशांचे. द्रौपदी आपली मल्लिका साराभाई. पण भीम होता आफ्रिकेतल्या सेनेगलचा."

हे ऐकून व्हरांडा थोडा वेळ विचारात पडला.

"त्याले भीम केला तव्हा कोनी काई म्हटलं नाई?"

मंडळाचा खजिनदार म्हणाला, "भीमाले कोन म्हनंल बाप्पा? गदा त्याच्या हातात."

त्यांना पटतंय असं पाहून मी हुकमाचं पान काढलं, आणि तिथंच घोटाळा झाला. मी म्हणालो, "माझा अलेक्झांडर मोडकंतोडकं बोलणार नाही. कंपनीचे अधिकारी मुनशी ठेवून देशी भाषा शिकत, त्यांच्या परीक्षा होत. १८३१ साली मराठीचा मोठा शब्दकोश छापला तो मोल्सवर्थ नावाच्या लष्करी साहेबानं. आपण आजही शब्द अडला की त्यालाच विचारतो. तेव्हा माझा साहेब शुद्ध मराठी बोलेल."

व्हरांड्यात शांतता पसरली. एवढी शांतता मोल्सवर्थला कोशाचं काम करतानाही मिळाली नसेल.

गुरुजी हळूच म्हणाले, "भौ, मंग त्याले साहेब कोन म्हनंल? साहेब 'टुम' म्हनला पाह्यजे. 'टुम काला आदमी' म्हनला की लोकं टाळ्या देतात. तो जर 'नमस्कार ग्रामस्थहो' म्हनला, तर लोकायले वाटंल, बीडीओ आला."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मोल्सवर्थनं आयुष्यातली वर्षं घालून मराठीतला एकेक बारीक शब्द टिपला, आणि आपण दीडशे वर्षं रंगभूमीवर त्याच्या भाऊबंदांना 'त' म्हणू दिलेला नाही. सिनेमातसुद्धा टॉम आल्टर हा मसुरीत जन्मलेला, आपल्यातल्या पुष्कळांपेक्षा अस्सल उर्दू बोलणारा नट; पण केस सोनेरी म्हणून त्याला सारखं गोरा साहेब करायला लावलं. तो मात्र नाटकात मौलाना आझाद उभे करून मोकळा झाला. गोऱ्या माणसाला मौलाना आझाद होता येतं, मला मात्र लोणारपर्यंत इंग्रज म्हणून जाता येईना.

निकाल रात्री उशिरा लागला. साहेबाचं काम कृषी सेवा केंद्राच्या मालकांना गेलं. ते माझ्याहून काळे आहेत. आम्ही दोघं शेजारी उभे राहिलो तर मी खरोखरच निमगोरा ठरतो. इंग्रजी त्यांना येत नाही. उंचीही बेताची. पण त्यांनी मंडप आणि लाऊडस्पीकरचा खर्च उचलला होता. खजिनदार मला समजावत म्हणाला, "काका, पावतीपुस्तकापुढं कोनताई रंग फिका असते."

विष्णूचं काम किराणावाल्याच्या गोऱ्या मुलाला मिळालं; त्याला बोलायचं नव्हतं, नुसतं हसायचं होतं. आता विष्णू सावळा. आमच्या मेहकरचा शारंगधर बालाजी १८८८ साली जमिनीतून निघाला तो काळ्या पाषाणाचा, आणि त्याच्यापुढं नाक घासायला अख्खा जिल्हा जातो. मी गुरुजींना एवढंच विचारलं की देव जर सावळा, तर तो तरी मला करू द्या. गुरुजी दचकले. म्हणाले, "देवाचा सावळा येगळा, तुमचा येगळा." मग सावळ्या देवासाठी गोरं पोरगं निळं रंगवायचं, गोऱ्या साहेबासाठी काळा मालक पांढरा रंगवायचा, आणि राक्षस तेवढा जसा आहे तसा उभा करायचा, असं ठरलं. रंगाच्या खर्चात नाटकातली सगळ्यात मोठी बचत मी होतो.

विनोदी लेखनाचे आद्य पुरुष श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आमच्याच जिल्ह्यात, जळगाव जामोदला वकिली करत. नाटकंही लिहीत. पक्षकारांचे कागद बाजूला सारून ते विनोद का लिहीत असतील, हे मला त्या रात्री पुरतं कळलं. ते आज असते तर मी हा निकाल घेऊन अपिलात गेलो असतो.

प्रयोगाच्या दिवशी मेकअपवाला बाहेरगावाहून आला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कपाळाला कुंकू फासलं आणि म्हणाला, "तुमचा बेस रेडी आहे." मालकांना मात्र त्यानं सफेद्यात लाल रंग मिसळून थरावर थर दिले. चेहरा झाला, मान राहिली. मान केली तोवर सफेदा संपला आणि हात राहिले. शेवटी मेडिकलमधून डॉक्टरचे रबरी हातमोजे आणले. मिशा वाखाच्या, हळदीत भिजवून सोनेरी केलेल्या. लाल कोट गावातल्या बँडवाल्याचा, खांद्यावर सोनेरी झालरी असलेला. चातुर्मासात लग्नं नसल्यामुळे तो सहज मिळाला. बँडवाला कोटाच्या काळजीनं पहिल्या रांगेत येऊन बसला. घोडा मात्र लाऊडस्पीकर सुरू होताच निघून गेला, म्हणून साहेब बुलेटवरून आले. १८२३ साली!

पहिला अंक झाला. मी मेलो. आरती लांबली, कारण विष्णूच्या आईनं स्टेजवर येऊन मुलाची दृष्ट काढली. डासांनी आपलं काम चोख केलं. पडदा अर्ध्यावर अडकल्यामुळे मला दुसऱ्या अंकातही तिथंच पडून राहावं लागलं, आणि निवेदकानं प्रसंगावधान राखून सांगितलं की हा समोर दिसतो तो सरोवराचा काठ आहे.

साहेब आले. माझ्यावर पाय ठेवून उभे राहिले. दुर्बीण डोळ्याला लावली. ओवाळणं झालं, हार झाला, आणि ते भाषण विसरले.

विंगेतून गुरुजी एकेक शब्द सोडत होते, पण पत्र्यावर पाऊस सुरू झाला होता. क्षणभर सगळं थांबलं. मग मालकांनी, त्यांना जेवढं इंग्रजी ठाऊक होतं तेवढं पूर्ण आत्मविश्वासानं काढलं. "वेल! टुम लोग! ये बडा खड्डा! एनपीके! दस छब्बीस छब्बीस! युरिया नॉट अव्हेलेबल! सबसिडी फिनिश!"

मंडप हादरला. पहिल्यांदाच एक इंग्रज साहेब आमच्या जिव्हाळ्याच्या विषयावर बोलत होता. मागच्या रांगेतून प्रश्न आला, "साहेब, डीएपी कव्हा येनार?" साहेबांनी दुर्बीण त्या दिशेला वळवून सांगितलं, "नेक्स्ट वीक. अँड नो उधारी!"

टाळ्या थांबेनात. तेवढ्यात मंडपाच्या फटीतून पावसाची धार साहेबांच्या डोक्यावर आली आणि सफेदा विरघळून कोटावर उतरायला लागला. एक गाल इंग्लंडात, दुसरा डोणगावात. बँडवाला उठून ओरडला, "कोट काढा! आधी कोट काढा!" साहेबांनी कोट काढला. आत गंजिफ्रॉक, त्यावर एका बियाणे कंपनीची जाहिरात. निवेदकानं घोषणा केली की साहेबांनी हिंदुस्थानवरच्या प्रेमापोटी परदेशी वस्त्रांचा त्याग केला. पुन्हा टाळ्या. मी खाली पडल्यापडल्या हसू आवरत होतो, तर पहिल्या रांगेतलं एक पोरगं ओरडलं, "आई, काठ हालते!"

आता २६ जानेवारीला गुरुजी भगतसिंगांवर नाटक बसवताहेत. त्यात साँडर्स नावाचा पोलीस अधिकारी आहे, लाहोरचा, १७ डिसेंबर १९२८ ला गोळ्या लागून मरतो. भाषण नाही, हार नाही. एंट्री आणि लगेच धडाम. मालकांना विचारलं तर ते म्हणाले, "वर्गणी देतो, पर गोळी खात नाई." गावातल्या बाकीच्या प्रतिष्ठितांनाही गणपतीत साहेब व्हायची जेवढी हौस होती तेवढी मरायची नाही. शेवटी गुरुजी स्वतः माझ्या घरी आले. म्हणाले, "तुम्हाले मराचा अनुभव आहे."

मी ताबडतोब होकार दिला. रंगाचा विषय मीही काढला नाही, त्यांनीही नाही. अडचण फक्त कोटाची आहे. त्या संध्याकाळी दाट तिथी, आणि कोट वरातीत. बँडवाला म्हणतो, वरात दारी लागली की तिथूनच कोट घेऊन जा. पण तोवर त्याचा एक माणूस कमी पडतो आहे, तेव्हा साहेबानं कोट घालून वरातीत यावं आणि दारापर्यंत खुळखुळा वाजवावा. सध्या संवाद नसल्यामुळे मी खुळखुळ्याचीच तालीम करतो आहे.